वाचकांचे प्रश्न : विक्सबर्गचा वेढा, मिसिसिपी नदी आणि आपला कापूस

मागील अंकात अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धावर जो लेख आला, त्यात विक्सबर्ग शहराचा उल्लेख दोनच वाक्यांत होता. मिसिसिपी नदीकाठच्या या शहराला उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या, फौजेने जनरल युलिसिस ग्रँट याच्या नेतृत्वाखाली १८ मे १८६३ पासून वेढा घातला आणि ४ जुलैला शहर शरण आले, एवढेच त्यात सांगितले होते. या दोन वाक्यांवर नागपुरातील वाचकांची इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : जेमतेम साडेचार-पाच हजार वस्तीच्या गावासाठी दोन्ही बाजूंनी एवढी माणसे का खर्ची घातली? दक्षिणेची राजधानी तर रिचमंड होती. (एक वाचक, धरमपेठ)

उत्तर : त्या काळी अमेरिकेच्या मध्यभागातील शेतमाल बाहेर जाण्याचा सर्वांत मोठा रस्ता म्हणजे मिसिसिपी नदी. ओहायो आणि मिसूरी या तिच्या उपनद्या असल्यामुळे कित्येक राज्यांचे धान्य आगबोटींतून न्यू ऑर्लीन्सच्या बंदरात उतरत असे. दक्षिणेची राज्ये फुटून निघाल्यावर हा रस्ता बंद झाला. संघराज्याच्या आरमाराने एप्रिल १८६२ मध्ये खालच्या टोकाचे न्यू ऑर्लीन्स आणि जून १८६२ मध्ये वरच्या बाजूचे मेम्फिस घेतले, तेव्हा दक्षिणेच्या ताब्यात उत्तरेकडील विक्सबर्ग आणि दक्षिणेकडील पोर्ट हडसन यांच्यामधला पट्टा तेवढा उरला. टेक्सासची गुरे, लुइझियानाची साखर आणि मीठ, शिवाय मेक्सिकोच्या वाटेने येणारी शस्त्रे या पट्ट्यातूनच पूर्वेकडच्या फौजांना मिळत होती. विक्सबर्गहून पूर्वेला जॅक्सनकडे रेल्वे जात होती आणि समोरच्या काठावरूनही पश्चिमेकडे लोहमार्ग निघत होता. शहर गेले असते तर दक्षिणेचे दोन तुकडे होणार होते, आणि पुढे ते तसे झालेही.

भूगोलाचे साहाय्य होतेच. विक्सबर्गपाशी नदी केसाच्या आकड्यासारखी उलटी वळत असे आणि पूर्व काठावर सुमारे दोनशे फूट उंचीचे कडे होते. वळणावर बोटीला वेग कमी करावा लागे आणि नेमक्या त्याच वेळी ती कड्यावरील तोफांच्या टप्प्यात येई. उलट खालच्या युद्धनौकांना आपल्या तोफांची तोंडे तेवढी वर उचलणे अवघड जाई. ॲडमिरल फॅरागट याने १८६२ च्या उन्हाळ्यात नुसत्या आरमाराच्या बळावर शहर घेण्याचा प्रयत्न करून पाहिला आणि तो निष्फळ ठरला.

प्रश्न : वेढा पडला की धान्य संपते आणि शहर पडते; त्यात सेनापतीचे कौशल्य कसले? आपल्याकडचा गाविलगड निदान तोफांनी भिंत फोडून घेतला होता. (एक निवृत्त शिक्षक, महाल)

उत्तर : आपण गाविलगडाचे नाव घेतले हे बरे झाले, कारण उत्तराची किल्ली तिथेच आहे. डिसेंबर १८०३ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा हा गड इंग्रजांनी घेतला. चढाची दक्षिण बाजू कठीण म्हणून स्टीव्हन्सनच्या पलटणींनी मेळघाटच्या डोंगरांतून, रस्ता करत करत, जड तोफा ओढून उत्तरेकडच्या लबाडा गावापाशी नेल्या. गड पडला तो १५ डिसेंबरला. पण तोफा उत्तरेला पोहोचल्या तेव्हाच गडाचे भवितव्य बहुतांशी ठरले होते. विक्सबर्गचेही तसेच घडले. माझ्या मते ते शहर सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यात पडले असे म्हणण्यापेक्षा त्याआधीच्या अठरा दिवसांत पडले असे म्हणणे अधिक योग्य होईल.

शहराच्या पश्चिमेस नदी होती आणि उत्तरेस याझू नदीचा दलदलीचा, झाडीने भरलेला प्रदेश होता. कोरडी, फौज चालू शकेल अशी जमीन फक्त पूर्वेला आणि दक्षिणेला होती, आणि ग्रँट होता पश्चिम काठावर. डिसेंबर १८६२ मध्ये त्याचा सहकारी शेर्मन याने उत्तरेकडून चिकासॉ बायू येथे हल्ला केला आणि तो पुरता फसला. त्याच सुमारास ग्रँटचे हॉली स्प्रिंग्ज येथील रसदीचे कोठार शत्रूच्या घोडदळाने जाळले. त्यानंतरचा हिवाळा चिखलात गेला. नदीच्या वळणावरील जिभेसारख्या जमिनीतून कालवा खणून बोटी तोफांना वळसा घालून काढाव्यात, म्हणून हजारो माणसे कामाला लावली. नदी चढली, बांध फुटला आणि तो उद्योग सोडून द्यावा लागला. लेक प्रॉव्हिडन्स, याझू पास, स्टील्स बायू अशा आडवाटांनी बोटी घुसवण्याचे प्रयत्नही असेच वाया गेले.

शेवटी ग्रँटने सर्वांत उघड आणि सर्वांत धोक्याचा बेत निवडला. फौजेने पश्चिम काठाने खाली चालत जायचे, आरमाराने रात्री विक्सबर्गच्या तोफांसमोरून निघून जायचे आणि शहराच्या खाली दोघांनी भेटून नदी ओलांडायची. १६ एप्रिल १८६३ च्या रात्री डेव्हिड पोर्टर याचा ताफा निघाला. बोटींच्या बॉयलरांभोवती कापसाच्या गाठी आणि वाळलेल्या गवताचे भारे रचले होते. बोटी दिसताच दक्षिणेच्या लोकांनी काठावर डांबराची पिंपे आणि समोरच्या तीरावरची घरे पेटवून नदी उजळून टाकली. मारा जोराचा झाला, तरी एक वाहतूक-बोट वगळता ताफा खाली पोहोचला. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. जड युद्धनौका प्रवाहाबरोबर तोफांसमोरून निसटू शकत होत्या, परंतु प्रवाहाविरुद्ध, मंद गतीने, त्याच तोफांखालून परत येणे जवळजवळ अशक्य होते. म्हणजे त्या रात्रीनंतर हा बेत मागे घेण्याची सोय राहिली नव्हती.

२९ एप्रिलला ग्रँड गल्फ येथे उतरण्याचा प्रयत्न तेथील तोफांमुळे फसला. त्याच्याही खाली ब्रुइन्सबर्ग येथे चांगला उतार आहे आणि तेथून आत पक्का रस्ता जातो, ही माहिती ग्रँटला त्या भागातील एका कृष्णवर्णीय माणसाने दिली. ३० एप्रिलला तेथे फौज उतरली. पोर्ट गिब्सन १ मे, रेमंड १२ मे, राज्याची राजधानी जॅक्सन १४ मे, चॅम्पियन हिल १६ मे आणि बिग ब्लॅक नदीचा पूल १७ मे, अशा पाच लढाया जिंकून १८ मे रोजी ती विक्सबर्गच्या पूर्वेकडील मोर्चांपुढे येऊन उभी राहिली. सरळ उत्तरेला शहराकडे न वळता ग्रँट आधी ईशान्येला जॅक्सनकडे गेला, ही त्याची खरी चाल होती. त्यामुळे विक्सबर्गची रेल्वे तुटली आणि मदतीला येऊ पाहणाऱ्या दक्षिणेच्या जनरल जोसेफ जॉन्स्टनच्या फौजेची आतल्या फौजेशी गाठ पडली नाही.

आता आपल्या शंकेकडे वळतो. केवळ वेढा घातल्याने शहर पडते असे असते, तर १९ आणि २२ मे रोजी ग्रँटने थेट हल्ले केलेच नसते. दोन्ही परतवले गेले, आणि २२ मेच्या एका दिवसात त्याची तीन हजारांहून अधिक माणसे मेली, जखमी झाली किंवा हरवली. आतले मोर्चे भक्कम होते आणि शिबंदीही कच्ची नव्हती. फरक असा, की आता ग्रँटची रसद याझू नदीवरून बोटींनी बिनधोक येत होती आणि आतल्यांची येत नव्हती. जूनच्या मध्यापर्यंत त्याची फौज सत्त्याहत्तर हजारांपर्यंत वाढली. तिचा एक भाग त्याने शेर्मनच्या हाती देऊन जॉन्स्टनच्या दिशेला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, तोंड करून उभा केला.

प्रश्न : तोफांच्या माऱ्याखाली सामान्य लोक, विशेषतः बाया-मुले, कशी राहिली? खाण्यापिण्याचे काय? (एक वाचक भगिनी, सदर)

उत्तर : ते जमिनीखाली राहिले. विक्सबर्गच्या टेकड्या लोएस नावाच्या पिवळसर, अतिशय बारीक, वाऱ्याने वाहून आणून साठवलेल्या मातीच्या आहेत. आपली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यात भुयार टिकणार नाही. लोएसचे तसे नाही. ती कुदळीने सहज कापली जाते आणि कापलेली भिंत सरळ उभी राहते. लोकांनी टेकड्यांच्या पोटात अशी शेकडो भुयारे खणवून घेतली, आणि खणण्याचे काम पुष्कळदा गुलामांकडून करून घेतले गेले. काही भुयारे एका कुटुंबापुरती होती, तर काहींना एकाहून अधिक तोंडे होती, म्हणजे एक ढासळले तरी दुसऱ्यातून बाहेर पडता यावे. सुखवस्तू घरांनी आत सतरंज्या, पलंग, खुर्च्या नेल्या. पूर्वेकडून फौजेच्या तोफा आणि नदीतून आरमाराच्या उखळी तोफा असा दोन्हीकडून मारा चालू होता. तो थोडा थांबला की बायका बाहेर येऊन स्वयंपाक उरकत. एवढ्या माऱ्यानंतरही मृत्युमुखी पडलेल्या नागरिकांची संख्या अभ्यासक सामान्यतः वीसच्या आतच धरतात, याचे श्रेय या मातीला द्यावे लागेल.

अन्नाची स्थिती मात्र वाईट होती. सैनिकांचा शिधा आठवड्यागणिक घटत गेला. गव्हाचे पीठ सरत आले तेव्हा चवळीच्या जातीचे कडधान्य दळून मक्याच्या पिठात मिसळले आणि त्याच्या भाकरी देण्यात आल्या. मका लवकर भाजतो आणि हे कडधान्य वेळ घेते, त्यामुळे ती भाकरी वरून दगडासारखी कडक आणि आतून कच्ची राहत असे. जूनच्या शेवटी खेचराचे मांस शिध्यात आले, आणि उंदीर खाल्ल्याच्या हकिकतीही समकालीनांनी लिहून ठेवल्या आहेत. पाण्याचाही तुटवडा होता, इतका की काही ठिकाणी विहिरींवर पहारे बसवावे लागले. शरणागतीच्या वेळी शिबंदीतील हजारो सैनिक आजारी होते, आणि २८ जूनच्या सुमारास त्यांच्या सेनापतीला एक निनावी पत्र मिळाले होते, ज्यात आम्हाला खाऊ घालता येत नसेल तर शरण जा, असे सरळ बजावले होते.

याच दिवसांतील एक वस्तू सांगण्याजोगी आहे. शहरातील डेली सिटिझन या वृत्तपत्राचा कागद संपला, तेव्हा संपादकाने भिंतींवर चिकटवण्याच्या नक्षीदार कागदाच्या कोऱ्या पाठीवर अंक छापणे चालू ठेवले. एका बाजूस बातम्या आणि दुसऱ्या बाजूस वेलबुट्टी, असा तो प्रकार. २ जुलैच्या अंकात त्याने ग्रँटची थट्टा केली होती. ४ जुलैला विक्सबर्गमध्ये जेवण्याचा त्याचा बेत आहे म्हणतात, पण ससा शिजवायचा तर आधी तो पकडावा लागतो, असा तिचा आशय होता. दोनच दिवसांत संघराज्याचे सैनिक छापखान्यात शिरले. खिळे जुळवलेले तसेच पडले होते. त्यांनी खाली एक टिपण जोडून, ससा पकडला गेला आहे असे कळवले आणि अंक छापून काढला. मूळ प्रती थोड्याच उरल्या आहेत. नंतर लोकांनी हौसेने काढलेल्या नकला मात्र उदंड आहेत, हे जुन्या कागदांच्या संग्राहकांनी विसरू नये.

प्रश्न : शहराचा सेनापती पेम्बर्टन मुळात उत्तरेकडचा होता असे वाचले. मग तो फितूर झाला म्हणायचे का? आणि तेही नेमका ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, निवडून? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नागपूर)

उत्तर : फितुरीचा आरोप तेव्हाही झाला, परंतु त्याला आधार नाही. जॉन पेम्बर्टन फिलाडेल्फियाचा होता, पत्नी व्हर्जिनियाची होती आणि युद्धात त्याने तिच्या प्रांताची बाजू घेतली. त्याची खरी अडचण वेगळी होती. दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस त्याला शहर कोणत्याही परिस्थितीत राखण्यास सांगत होता, तर वरिष्ठ सेनापती जॉन्स्टन शहर सोडून फौज वाचव असे लिहीत होता. पेम्बर्टनने दोन्ही आज्ञा अर्ध्या-अर्ध्या पाळल्या. तो बाहेर पडला, चॅम्पियन हिलला हरला, त्याची एक संपूर्ण तुकडी तुटून दुसरीकडे निघून गेली, आणि तो उरलेल्यांसह मोर्चांत परतला. दोन धन्यांच्या चाकरासाठी मनात सहानुभूती ठेवूनही म्हणावे लागते, की दोहोंपैकी कोणतीही एक आज्ञा त्याने पुरती पाळली असती तर अधिक बरे झाले असते.

३ जुलैला तो आणि ग्रँट मोर्चांच्या मधोमध एका ओकच्या झाडाखाली भेटले. पूर्वी मेक्सिकोच्या युद्धात दोघांनी एकाच सैन्यात नोकरी केली होती. दिवसाच्या निवडीविषयी पेम्बर्टनने नंतर स्वतःच लिहिले आहे, की स्वातंत्र्यदिनी शहर मिळण्याच्या मोहाने उत्तरेचे लोक अटी सौम्य करतील असा त्याचा अंदाज होता. अटी सौम्य झाल्याही. सुमारे साडेएकोणतीस हजार सैनिकांना कैदेत न नेता, पुन्हा न लढण्याचे वचन लिहून घेऊन सोडण्यात आले. ही काही निव्वळ उदारता नव्हती. एवढे कैदी उत्तरेकडे न्यायचे तर ग्रँटच्या साऱ्या बोटी कित्येक दिवस त्यातच अडकून पडल्या असत्या. १७२ तोफा आणि हजारो बंदुका त्याच्या हाती आल्या. त्यांतील बंदुका इतक्या चांगल्या निघाल्या, की त्याने आपल्या काही पलटणींची जुनी हत्यारे टाकून तीच वापरायला दिली. पेम्बर्टनने पुढे वरचा हुद्दा सोडला आणि तोफखान्यात लेफ्टनंट कर्नल म्हणून काम केले. फितूर मनुष्य असे करीत नाही.

प्रश्न : हे युद्ध गुलामगिरीवरून झाले. मग या वेढ्याच्या कहाणीत गुलाम केवळ भुयारे खणणारेच दिसतात का? (एक वाचक, इंदोरा)

उत्तर : मुळीच नाही. वर ज्या वाटाड्याचा उल्लेख आला, त्याच्या माहितीवर ग्रँटने सारी फौज उतरवली. त्याहून मोठी गोष्ट ७ जूनची आहे. १ जानेवारी १८६३ च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यानंतर संघराज्याने कृष्णवर्णीय पलटणी उभ्या करायला सुरुवात केली होती. विक्सबर्गच्या वरच्या बाजूस, पश्चिम काठावरील मिलिकेन्स बेंड येथे अशा नवख्या पलटणींवर दक्षिणेच्या फौजेने हल्ला केला. काल-परवापर्यंत मळ्यांवर राबणारी ही माणसे होती. कवायत जेमतेम झालेली, हातातल्या बंदुका जुन्या. संगिनींनी समोरासमोर लढत ती नदीच्या बांधापर्यंत मागे रेटली गेली, पण तेथे टिकली आणि आरमाराच्या तोफांच्या मदतीने हल्ला परतवला गेला. त्यांची हानी फार मोठी होती. या माणसांना लढता येईल का, ही शंका संघराज्याच्याच अनेक अधिकाऱ्यांना होती. ग्रँटच्या छावणीत असलेला युद्धखात्याचा निरीक्षक चार्ल्स डेना याने नोंदवले आहे, की या लढाईनंतर फौजेतील मत पालटले.

प्रश्न : विक्सबर्ग आजही नदीवरच आहे का? (एक वाचक, रामदासपेठ)

उत्तर : आहे, पण थोडे बाजूला. ज्या जमिनीच्या जिभेतून ग्रँटला कालवा खणता आला नाही, तीच जमीन १८७६ मध्ये नदीने स्वतः कापली आणि मुख्य प्रवाह शहरापासून दूर सरकला. पुढे सरकारने याझू नदीचे पाणी जुन्या पात्रात वळवले, ते काम १९०३ मध्ये पुरे झाले. त्यामुळे आज शहरापुढून जे पाणी वाहते ते याझूचे आहे.

प्रश्न : आमच्या घरात पणजोबांच्या वेळेपासून सांगतात, की अमेरिकेतील लढाईने वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. विक्सबर्ग पडल्यावर तो उतरला का? (कापसाच्या व्यापारातील एक कुटुंब, इतवारी)

उत्तर : घरची गोष्ट खरी आहे. युद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा फार मोठा हिस्सा अमेरिकेच्या दक्षिणेकडून येत असे. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. हिंगणघाटच्या कापसाला तर आधीपासूनच नाव होते. मुंबईत पैसा इतका आला, की समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर भलत्याच भावाने विकले जाऊ लागले.

विक्सबर्ग पडल्यावर मात्र भाव उतरला नाही. त्यानंतर पाचच दिवसांनी पोर्ट हडसनही शरण आले आणि सारी मिसिसिपी संघराज्याच्या हाती आली, तेव्हा आता अमेरिकेचा कापूस पुन्हा वाहू लागेल असे कोणालाही वाटले असते. परंतु नदी मोकळी झाली म्हणून शेत पिकत नाही. काठचे मळे उजाड झाले होते, मजूर मुक्त होऊन छावण्यांकडे किंवा फौजेत गेले होते, शिल्लक कापूस कुठे जाळला गेला होता तर कुठे दडवलेला होता, आणि समुद्राकडील नाकेबंदी तशीच होती. म्हणून १८६४ मध्येही भाव चढेच राहिले. ते कोसळले १८६५ मध्ये, युद्धच संपल्यावर. आणि १ जुलै १८६५ ला वायद्याचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस आला, तेव्हा मुंबईचे कित्येक सावकार आणि बँका बुडीत निघाल्या. शेतकऱ्याने चढत्या भावावर जे कर्ज काढले असेल, ते उतरत्या भावाने फेडावे लागले.

आपल्या पत्रात आणखी एक ओळ आहे : मिसिसिपीसारखी नदी नसल्यामुळे आपण मागे पडलो का? त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांना हेच वाटत होते. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने नागपूर-वऱ्हाडचा कापूस बोटींनी थेट पूर्व किनाऱ्यावर न्यावा, यासाठी याच दशकात गोदावरीवर दुम्मागुडेम वगैरे खडकाळ टप्प्यांपाशी बंधारे आणि कालव्यांची कामे सुरू झाली होती. परंतु गोदावरीला वर्षातील बरेच महिने बोटीपुरतेही पाणी नसते. शिवाय १८६७ मध्ये मुंबईहून रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापूस तिकडे वळला. त्यानंतर थोड्याच वर्षांत ही जलवाहतुकीची योजना सोडून देण्यात आली. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. तिच्यासाठी ही जागा निवडताना कापूस जवळ पिकतो आणि रेल्वे दाराशी आहे, या दोन गोष्टी त्यांनी पाहिल्या होत्या.